म्हशीचा स्टेक, जांभळाचा सॉस

मुंबईतल्या पारशी घरी जर्दाळू घातलेलं मटण शिजतं, तेव्हा आलं-लसूण, गरम मसाला, थोडं व्हिनेगर, थोडा गूळ आणि भिजवलेले जर्दाळू एकाच रश्श्यात नांदतात, आणि वर सल्ली म्हणजे बटाट्याच्या कुरकुरीत काड्या पडतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया या १९२३ सालच्या इराणी उपाहारगृहाचं नाव ज्या बेरी पुलावामुळे झालं, त्यात इराणची झिरिश्क ही लाल, चांगलीच आंबट फळं असतात. मांस आणि फळ ही जोडी मुंबईनं पिढ्यान् पिढ्या खाल्लेली आहे. तरीही घरी स्टेकचा बेत ठरला की सोबतीला मिऱ्याचा किंवा मश्रूमचा सॉस गृहीत धरला जातो, आणि फळाचा सॉस म्हणताच आइस्क्रीमवर ओततात तसला गोड पाक डोळ्यांपुढे येतो. माझं म्हणणं उलट आहे. महाराष्ट्रातल्या घरात जो स्टेक होऊ शकतो, त्याला फळासारखा दुसरा सोबती नाही. फक्त ते फळ आंबट असलं पाहिजे.

ही जोडी किती जुनी आहे ते आधी पाहू. रोमन काळातल्या पाककृतींचा जो संग्रह आपिकियसच्या नावानं ओळखला जातो, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे जर्दाळूंबरोबर शिजवायची कृती आहे. त्यात मिरी, जिरं, पुदिना आणि व्हिनेगरही आहे. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या ‘किताब अल-तबीख’ या पाकपुस्तकात जर्दाळू आणि मटणाचा ‘मिशमिशिया’ आहे, डाळिंबाच्या रसातलं मांस आहे. इराणात डाळिंबाचा आटवलेला रस आणि अक्रोडाचं वाटण यांत बदक किंवा कोंबडी शिजवून ‘फेसेंजान’ आजही करतात. जॉर्जियात भाजलेल्या मांसाबरोबर आंबट आलुबुखारांची ‘टकेमाली’ नसेल तर जेवण अपुरं वाटतं.

पश्चिम युरोपातही मध्ययुगात साखर, मनुका, दालचिनी आणि मांस एकाच भांड्यात शिजायचं. सतराव्या शतकात फ्रेंच स्वयंपाकानं वाट बदलली. फ्रेंच आचारी ला व्हारेनचं १६५१ सालचं पाकपुस्तक हा त्या बदलाचा ठळक टप्पा मानतात. मांसाच्या ताटातून साखर आणि गोड मसाले हळूहळू हटले, त्यांच्या जागी लोणी, मांसाचा अर्क आणि हिरव्या वनस्पती आल्या. गोड पदार्थ जेवणाच्या शेवटी गेले. पण काही मांसांनी फळ सोडलं नाही. बदकाबरोबर संत्रं राहिलं. इंग्लंडात हरणाच्या मांसाबरोबर रेडकरंट या आंबट लाल फळांची जेली राहिली. स्वीडनमध्ये एल्क आणि रेनडियरबरोबर लिंगनबेरी राहिल्या. जर्मनीतही शिकारीच्या मांसाबरोबर त्याच बेरी येतात, आणि ऱ्हाईन नदीकाठचे लोक व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या गोमांसाच्या सॉसमध्ये मनुका घालतात.

या यादीत बदक सोडलं तर बाकीचं बहुतेक मांस एकाच जातकुळीचं आहे: रंगानं गडद, चवीला उग्र, चरबीला कमी. चरबी कमी असली की मांसाला स्वतःचा स्निग्ध गोडवा नसतो. जिभेवर लोहाची, किंचित रक्तासारखी चव पुढे येते. फळातली आम्लं तोंडाला पाणी सुटायला लावतात, त्यामुळे कोरडं मांसही रसाळ लागतं. साखर उग्रपणाची धार बोथट करते. वर फळाचा स्वतःचा गंध असतो, जो मांसात नाहीच. गायीच्या बरगडीजवळच्या, चरबीची जाळी पसरलेल्या तुकड्याला यातलं काही लागत नाही. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तसा तुकडा आणला तर मीठ आणि मिरी पुरे. फळ हवं असेल तर कमी चरबीचा, कमरेकडचा तुकडा निवडावा.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानं गायीची कत्तल बंद होती. २०१५च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत. म्हणून मुंबई-पुण्यात कायदेशीरपणे मिळणारा स्टेक म्हशीचा असतो, बाजारात ज्याला बड्याचं म्हणतात तो. हे मांस गडद लाल असतं, त्याची चरबी पांढरी असते, आणि तंतूंच्या आत तर चरबी फारच थोडी. म्हणजे स्वभावानं ते हरणाच्या मांसाच्या जवळचं. अमेरिकी पाकपुस्तक उघडून त्यातली गोमांसाची कृती जशीच्या तशी म्हशीवर चालवली की निराशा होते, कारण ती सगळी गणितं चरबीच्या भरवशावर मांडलेली असतात. इंग्लंड-स्वीडनच्या शिकारीच्या मांसाची रीत इथे अधिक लागू पडते: मांस कमी शिजवायचं, लोणी वरून द्यायचं आणि सोबत आंबट फळ ठेवायचं.

खाटकाकडे ‘अंडरकट’ मागावा. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला असलेला हा लांबुळका स्नायू जनावराच्या चालण्या-बसण्यात जवळजवळ काहीच काम करत नाही, म्हणून त्यात कठीण संयोजी ऊती कमी असतात. आपल्याकडे कत्तलीला येणारी जनावरं पुष्कळदा वयस्क असतात, त्यामुळे मांडीचा किंवा खांद्याचा तुकडा तव्यावर चिवटच राहणार. तो मंद आचेवर तासन्‌तास शिजवायच्या कामाचा. अंडरकटचे साडेतीन सेंटिमीटर जाडीचे काप करून घ्यावेत. पातळ काप बाहेरून लाल होईपर्यंत आतून पार शिजून जातो.

दुसरी अडचण ताजेपणाची. एरवी ताजं ते चांगलं, पण स्टेकच्या बाबतीत सकाळी कापलेलं आणि दुपारी आणलेलं मांस मुळीच चांगलं नाही. कत्तलीनंतर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि मोठ्या जनावरात हा ताठरपणा उतरायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात मांसातलीच विकरं तंतूंची बांधणी सैल करू लागतात. ताठरलेलं मांस तव्यावर टाकलं तर रबरासारखं होतं, आणि दोष तव्यावर जातो. म्हणून मांस आणल्यावर फडक्यानं कोरडं करून, जाळीवर ठेवून, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, ४ अंश सेल्सियसच्या खाली, दोन दिवस राहू द्यावं. शेवटच्या रात्री त्यावर मीठ चोळावं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारट पाणी पुन्हा आत शोषलं जातं आणि प्रथिनं ते धरून ठेवतात. रात्रभराची सवड नसेल तर किमान पाऊण तास आधी मीठ लावावं, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलं तर सगळ्यात वाईट: ओढलेलं पाणी पृष्ठभागावर साचलेलं असतं आणि तुकडा ओलाच तव्यावर जातो.

कच्ची पपई लावावी का, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. पपईतलं पपेन, अननसातलं ब्रोमेलेन, अंजीर आणि किवीतली विकरं ही सगळी प्रथिनं तोडणारी आहेत. पपेन ६० ते ७० अंशांच्या आसपास तर फारच जोमानं काम करतं, म्हणजे तव्यावरही त्याचं काम चालूच राहतं. खिम्याच्या कबाबात हे उपयोगी. पण जाड तुकड्यात ते काही मिलिमीटरच आत जातं, आणि तेवढा थर पिठूळ होतो, ज्याला चांगला खरपूस रंग येत नाही. अंडरकटला पपई लावू नये. हेच कारण ताज्या अननसाच्या सॉसलाही लागू: अननस आधी उकळून घेतला की विकर मरतं आणि सॉस निर्धोक होतो.

तव्याकडे वळण्याआधी एका जुन्या समजुतीचा निकाल लावला पाहिजे. तीव्र आचेवर मांस टाकलं की ‘त्याची तोंडं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो’, ही कल्पना १८४७ साली युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पुढे आणली आणि शतकभर पाकपुस्तकांतून फिरली. अमेरिकी खाद्यलेखक हॅरल्ड मॅकगी यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात ती लोकांसमोर खोडून काढली. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तवा चरचरतो तो आवाजच मांसातून निसटणाऱ्या पाण्याचा असतो. कोंडलं गेलं असतं तर चरचर थांबली असती. तीव्र आच हवी ती रंग, गंध आणि चवीसाठी. अमायनो आम्लं आणि शर्करा १४० अंशांच्या वर एकमेकांशी झपाट्यानं प्रक्रिया करू लागतात आणि त्यातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. फ्रेंच वैद्य लुई-कामी मेयार यांनी १९१२ साली ही प्रक्रिया नोंदवली, तिला त्यांचंच नाव आहे. पाव, कॉफी, भाजलेली डाळ, सगळ्यांचा खमंगपणा तिचाच. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांवर अडकून राहतं, म्हणून कोरडं मांस आणि खूप तापलेला तवा या दोन गोष्टींवर तडजोड नाही.

बिडाचा तवा यासाठी उत्तम, कारण त्यात उष्णतेचा साठा मोठा असतो आणि थंड मांस टाकल्यावरही तो पटकन निवत नाही. पण फळाच्या सॉससाठी बीड वाईट. आम्लामुळे लोह सॉसमध्ये उतरतं, चव धातूसारखी होते, आणि जांभूळ-करवंदासारख्या फळांतलं जांभळं रंगद्रव्य लोहाशी जोडलं जाऊन काळपट, शाईसारखं दिसू लागतं. जाड बुडाचं स्टीलचं पॅन असेल तर दोन्ही कामं त्यातच होतात. बिडाचाच तवा असेल तर मांस भाजून झाल्यावर त्यात अर्धी वाटी पाणी ओतून बुडाची खरवड लाकडी उलथन्यानं सोडवावी आणि ते पाणी लगेच स्टीलच्या पातेल्यात काढावं.

शेंगदाण्याचं रिफाइंड तेल पॅनमध्ये घालून धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत तापवा. मांस फडक्यानं पुन्हा एकदा टिपा आणि टाका. एकदाच उलटायचं हा नियम पाळायची गरज नाही. दर मिनिटाला उलटलं तर उष्णता दोन्ही बाजूंनी सारखी आत जाते आणि कडेचा करडा, कोरडा थर पातळ राहतो. उलटायला चिमटा घ्या, काटा नको. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे: अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तिथली आच त्यांना मारते, पण टोचलं की ते आत ढकलले जातात. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत आच कमी करून एक चमचा लोणी, ठेचलेली लसूण पाकळी आणि मिरपूड घाला, लोणी चमच्यानं मांसावर ओतत राहा. मिरपूड सुरुवातीला घातली तर जळून कडवट होते.

किती शिजवायचं? मांस बोटानं दाबून पाहण्याचे, तळहाताशी तुलना करण्याचे उपाय अनुभवी हातांचे आहेत. स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर आता महाग राहिलेला नाही, आणि तो चाचपडणं कायमचं संपवतो. मधोमध घुसवून, टोकाकडून आडवा, तुकड्याच्या केंद्राचं तापमान पाहावं. ५० अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन गोठू लागतं आणि मांसाला आकार येतो. ६५च्या पुढे अॅक्टिनही आवळू लागतं आणि पाणी पिळून बाहेर पडतं. चरबी असलेलं मांस ही पिळवणूक थोडी लपवू शकतं, म्हशीचं लपवू शकत नाही. म्हणून ५९-६० अंशांवर उतरवा. ताटलीत ठेवल्यावर आतली उष्णता तीन-चार अंश वर चढते आणि ६३ गाठते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अखंड तुकड्यासाठी सांगितलेली मर्यादाही ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं विसावा हीच आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी मात्र पूर्ण शिजवलेलंच द्यावं. ताटलीत उतरणारा लाल द्रव पाहून पुष्कळांचं मन बिचकतं. ते रक्त नाही. ते पाणी आहे, आणि त्याला रंग देणारं मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्राणवायू साठवणारं प्रथिन. तो द्रव फेकू नका, सॉसमध्ये ओतायचा आहे.

मांस विसावतं आहे तेवढ्या सात-आठ मिनिटांत सॉस होतो. पॅनमधलं जळकं तेल ओतून टाका आणि बुडाशी पाहा. खरवड तपकिरी असेल तर तिथे मांसाची सगळी चव साठली आहे. काळी असेल तर मोह सोडून पॅन धुवा, कारण तो कडूपणा कुठल्याही फळानं झाकला जात नाही. दोन माणसांपुरतं करायचं तर पंधरा-वीस पिकलेली जांभळं आधीच बिया काढून कुस्करून ठेवलेली असावीत. पॅनमध्ये लोण्याचा लहान तुकडा, बारीक चिरलेले दोन छोटे कांदे, मऊ होईपर्यंत परतायचे. एक पोह्याचा चमचा व्हिनेगर. गोव्यातलं माडीचं मिळालं तर त्याहून छान. व्हिनेगरची वाफ नाकाला झोंबायची थांबली की अर्धी वाटी मटणाचं अळणी आणि जांभळाचा गर घाला, हवा तर थोडी लाल वाइनही. खरवड पूर्ण सुटेपर्यंत उलथनं बुडाला घासत राहा. पाच-सहा मिनिटं उकळून निम्मं आटवा.

आता चाखा. जांभूळ तुरट असतं, आणि आटल्यावर आणखी तुरट होतं. हा तुरटपणा टॅनिनचा: ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. मांसाबरोबर खाताना मात्र ते मांसाच्या प्रथिनांनाही चिकटतं, म्हणून नुसता चाखताना जो सॉस जरा कडक वाटतो तो घासाबरोबर बरोबर बसतो. लाल वाइन आणि मांस यांचं जमतं त्यामागे हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते जांभूळ हे आपल्याकडचं त्या कामाचं फळ आहे. तरी चिमूटभर गूळ लागेल, मीठ लागेल. विसावलेल्या मांसाचा रस त्यात ओता, गॅस बंद करा, आणि फ्रिजमधल्या थंड लोण्याचा पोह्याचा एक चमचा घालून पॅन गोल फिरवत राहा. लोणी विरघळताना त्याचे सूक्ष्म थेंब सॉसमध्ये धरले जातात आणि त्याला चकाकी येते. पुन्हा उकळलात तर लोणी फुटून तेल वर तरंगेल.

जांभूळ जून-जुलैत येतं आणि जातं. त्याआधी एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या कुशीत करवंदं असतात. पिकलेलीही चिकाळ असतात, म्हणून चांगली धुऊन, शिजवून, गाळून घ्यावीत. आमसुलं बारमाही, पण ती आंबटच. त्यांच्याबरोबर गोडाला भिजवलेले जर्दाळू किंवा सुके आलुबुखार जोडावे लागतात, आणि आगळ वापरलं तर त्यातलं मीठ धरूनच पुढचं मीठ घालायचं. आलुबुखारात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे सॉस आपोआप दाट होतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत ते कमी, आणि तिचा गंध उकळीत उडून जातो. म्हणून अर्ध्या स्ट्रॉबेरी शिजवाव्यात, अर्ध्या गॅस बंद केल्यावर घालाव्यात, आणि मिरपूड सढळ हातानं. डाळिंबाचा रस चौथाई राहीपर्यंत आटवला की आणखी काही लागतच नाही. नागपुरी संत्रं फसवं आहे. बदकाबरोबरचा फ्रेंच सॉस मुळात कडवट-आंबट संत्र्यांचा होता; आपलं संत्रं त्या मानानं गोड, म्हणून रसाइतकाच लिंबाचा आणि सालीच्या किसाचा भर हवा, सालीखालचा पांढरा भाग सोडून. पिकलेला हापूस मात्र यात घालू नये. तापला की त्याचा गंध हरवतो आणि उरतो नुसता गोडवा. म्हैस न खाणाऱ्यांना वसई किंवा गोव्याकडचं डुकराचं मांस, तेही कमरेकडचं, याच पद्धतीनं करता येईल, आणि त्याच्या चरबीला कैरीचा सॉस फार शोभतो. ते मांसही मधोमध ६३ अंशांपर्यंत न्यावं आणि विसावू द्यावं.

वाढताना मांसाचे काप तंतूंना आडवे करा. तंतूंच्या दिशेनं कापलं तर लांब दोरे दातांना तोडावे लागतात. सॉस आधी ताटलीत पसरा आणि काप त्यावर मांडा. वरून ओतला तर इतक्या खटपटीनं मिळवलेली खरपूस कड दोन मिनिटांत ओली होते. बाजूला उकडलेला बटाटा किंवा साधा पाव पुरे, कारण या सॉसजवळ दुसरं आंबट-गोड काही नको. उरलेला सॉस बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. इंग्लंडचा कंबरलँड सॉस, म्हणजे रेडकरंट जेली, पोर्ट वाइन, संत्र्याची साल आणि मोहरीचं मिश्रण, मुद्दाम थंडच वाढतात; तसाच हाही थंड असताना, किंचित मोहरी मिसळून, उरलेल्या मांसाच्या पातळ कापांबरोबर पावात घालता येतो.